दिवस जाण्याआधी तुझं वजन किती होतं?

महिन्यातून एकदा गावच्या अंगणवाडीत आरोग्य आणि पोषण दिवस असतो. गरोदर बाई चप्पल काढून काट्यावर उभी राहते, नर्सबाई आकडा वाचतात, माता-बाल संरक्षण कार्डाच्या रकान्यात लिहितात आणि पुढचं नाव पुकारतात. ४३ किलो. हा आकडा बरा की वाईट, मागच्या महिन्यापेक्षा किती वाढला, अजून किती वाढायला हवा, हे तिला बहुतेक वेळा कुणी सांगत नाही. मागे रांग असते, त्यामुळे तीही विचारत नाही. घरी सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणल्या बाई?" तर उत्तर असतं, "काही नाही, वजन घेतलं."

त्याच आठवड्यात लातूरच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या खासगी दवाखान्यात दुसरीला पहिल्याच भेटीत ऐकायला मिळतं, "वजन जास्त आहे, जरा सांभाळा." सांभाळायचं म्हणजे काय करायचं? घरचे म्हणतात दोन जिवांची आहेस, पोटभर खा. डॉक्टर म्हणतात सांभाळा. ती गोंधळून जाते आणि मग दोन्ही गोष्टी अर्ध्या अर्ध्या करते.

या दोघी वेगळ्या दिसल्या तरी आपल्या मराठवाड्यात त्या एकाच गल्लीत, कधी कधी एकाच घरात जावाजावा म्हणून नांदतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे २१ टक्के बायका गरजेपेक्षा हडकुळ्या आणि सुमारे २३ टक्के बायका गरजेपेक्षा जाड निघाल्या. म्हणजे जवळपास निम्म्या बायका वजनाच्या या नाही तर त्या टोकाला आहेत. त्या दोन्ही टोकांचा पोटातल्या बाळाशी आणि आईच्या जिवाशी काय संबंध आहे, ते इथे नीट उलगडून सांगायचं आहे. एक गोष्ट मात्र आधीच सांगते. गरोदरपणात वजन किती वाढलं, याची सगळे चौकशी करतात. दिवस जाण्याआधी ते किती होतं, हा प्रश्न त्याहून मोठा आहे आणि तो फार कमी जण विचारतात.

हडकुळी की जाड, हे ठरतं कसं?

नुसत्या किलोंवरून काही कळत नाही. ५० किलो वजन ठेंगण्या बाईला पुरेसं असतं, उंच बाईला कमी पडतं. म्हणून वजन आणि उंची यांची सांगड घालणारा एक आकडा काढतात. त्याला बीएमआय म्हणतात. वजन किलोत घ्यायचं आणि त्याला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं.

आपल्याकडे बऱ्याच बायकांची उंची १५० सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे पाच फुटाला थोडी कमी असते. १५० सेंटिमीटर म्हणजे दीड मीटर, आणि दीड गुणिले दीड म्हणजे २.२५. अशा बाईचं वजन ४० किलो असेल तर बीएमआय १७.८ येतो. १८.५ च्या खाली असेल तर वजन कमी समजतात. तिचंच वजन ६० किलो असतं तर बीएमआय २६.७ आला असता. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण मापाप्रमाणे २५ च्या वर वजन जास्त आणि ३० च्या वर स्थूलपणा. भारतीयांसाठी डॉक्टर ही रेघ खाली ओढतात, २३ च्या वर जास्त आणि २५ च्या वर स्थूलपणा. म्हणजे दीड मीटर उंचीच्या बाईसाठी साधारण ४२ ते ५२ किलो हा निरोगी पट्टा झाला.

भारतीयांना वेगळी मोजपट्टी कशाला? याचं एक झकास उदाहरण २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं होतं. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी होता. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आकडा एकच, आतला माल निराळा. आपल्या शरीरात स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, तीही पोटाभोवती. असं का होतं, याचा एक धागा थेट आईच्या पोटापर्यंत जातो. त्याकडे येऊच.

आता मुद्दा असा की गरोदर बाईचा बीएमआय सातव्या महिन्यातल्या वजनावरून काढता येत नाही. तो दिवस जाण्याआधीच्या, नाही तर पहिल्या तीन महिन्यांतल्या वजनावरून काढावा लागतो. म्हणून पाळी चुकल्याबरोबर नाव नोंदवून वजन करून घेण्याला महत्त्व आहे. पाचव्या महिन्यात पहिल्यांदा काट्यावर उभं राहिलं तर मूळ आकडा हातचा जातो.

वाढलेले किलो जातात कुठे?

"बाळ तीन किलोचं, मग माझं वजन बारा किलो कशाला वाढायला पाहिजे?" हा प्रश्न रास्त आहे. हिशेब साधारण असा लागतो. बाळ तीन किलोच्या आसपास. बाळाला अन्न पोचवणारी वार अर्धा ते पाऊण किलो. गर्भजल किलोभराच्या आत. गर्भाशय स्वतःच वाढून किलोभर होतं. स्तन जड होतात, त्याचा अर्धा किलो. आईचं रक्त वाढतं, त्याचे सव्वा ते दीड किलो. अंगात जादा पाणी साठतं, तेही दीड किलोच्या घरात. उरलेले तीनेक किलो म्हणजे चरबी, जी शरीर पुढच्या अंगावर पाजण्यासाठी बाजूला काढून ठेवतं.

या यादीतली रक्ताची नोंद जरा बारकाईनं पाहा. वजन वाढत नाही याचा अर्थ कित्येकदा आईच्या अंगातलं रक्तही हवं तसं वाढत नाही. रक्त कमी वाढलं की वारेकडे जाणारा पुरवठा कमी. त्यात महाराष्ट्रात सुमारे ४६ टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय आहे, म्हणजे रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. आधीच पुरवठा कमी, त्यात तोही पातळ.

मग किती वाढायला हवं?

सगळ्यांना एकच आकडा लागू होत नाही. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं २००९ साली दिलेलं कोष्टक जगभर वापरलं जातं. आधी वजन कमी असेल तर १२.५ ते १८ किलो, वजन योग्य असेल तर ११.५ ते १६, जास्त असेल तर ७ ते ११.५ आणि स्थूल असेल तर ५ ते ९ किलो. आपल्या सरकारी कार्यक्रमांत साधारण ९ ते ११ किलो वाढ सांगतात, ती पहिल्या तीन महिन्यांनंतर महिन्याला दोनेक किलो या चालीनं. आपल्या डॉक्टरांनी उंची आणि तब्येत पाहून सांगितलेला आकडा यातला कोणताही असू शकतो. कोष्टकातली खूण मात्र लक्षात ठेवा. जी आधी हडकुळी, तिनं जास्त कमवायचं. जी आधी जाड, तिनं कमी.

पहिल्या तीन महिन्यांत वजन फारसं वाढत नाही. उलट्या, मळमळ, वरणाच्या फोडणीचा वासही नको होणं, यात एखाद-दोन किलो कमी झालं तरी सहसा घाबरायचं कारण नसतं. चौथ्या महिन्यापासून मात्र दर महिन्याचा आकडा मागच्या महिन्याच्या आकड्याशी ताडून पाहायलाच हवा. सलग दोन महिने काटा जागचा हलला नाही तर गप्प बसू नका, नर्सबाईंना विचारा.

आणि एक वाढ अशी आहे जिच्यावर खूश व्हायचं नसतं. आठवडाभरात एकदम किलो-दीड किलो वजन चढलं, चेहरा आणि हात सुजले, बांगड्या रुतायला लागल्या, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तर ते बाळसं समजू नका. रक्तदाब वाढल्याचं ते लक्षण असू शकतं. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. १०२ आणि १०८ हे रुग्णवाहिकेचे दोन्ही क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्यावेत.

आईच वाळलेली असेल तर

उन्हाळ्यात गावात टँकर आठवड्यातून दोनदाच यायला लागला की घर काय करतं? पिण्याचं पाणी आधी भरून ठेवतं. मग जनावरांचं. अंघोळ एक दिवसाआड, धुणं लांबणीवर, अंगणातला पेरू सुकला तरी इलाज नसतो. पोटातलं बाळही तेच करतं. आईकडून येणारं अन्न तोकडं पडलं की ते मिळेल तेवढं आधी मेंदूला देतं. स्नायू, मूत्रपिंड, यकृत, स्वादुपिंड यांच्या वाट्याला उरलंसुरलं जातं. बाळ जगतं, रडतं, दूध ओढतं. बघणाऱ्याला वाटतं, लहान आहे पण चपळ आहे. आत मात्र काटकसर झालेली असते, आणि ती आयुष्यभर पुरते.

जन्मताना वजन अडीच किलोच्या खाली असलं तर त्या बाळाला कमी वजनाचं बाळ म्हणतात. भारतात सुमारे १८ टक्के बाळं अशी जन्मतात. अशा बाळाचं अंग लवकर गार पडतं, जंतुसंसर्ग पटकन होतो, दूध ओढताना ते दमतं. आईच्या कमी वजनामुळे बाळ दिवस भरण्याआधी जन्मण्याचीही शक्यता वाढते. हा झाला लगेच दिसणारा तोटा. उशिरा दिसणारा तोटा समजायला मात्र पुण्याजवळच्या खेड्यांकडे पाहावं लागतं.

१९९३ साली डॉ. याज्ञिक आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत अभ्यास सुरू केला. बायकांची मोजमापं दिवस जाण्याआधीच घेऊन ठेवली, आणि हेच या अभ्यासाचं मोल. या बायकांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होतं. बाळं सरासरी पावणेतीन किलोच्या आतली भरली. इंग्लंडमधल्या बाळांशी तुलना केली तेव्हा विचित्र गोष्ट दिसली. आपली बाळं वजनाला, स्नायूंना, पोटातल्या अवयवांना कमी होती, पण त्वचेखालची चरबी त्या मानानं टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबीचं बाळ. मोठेपणी याच शरीराला थोडं जास्त खाणं, थोडं बैठं काम मिळालं की मधुमेह गाठतो. बीड-परभणीकडच्या बाजारपेठांत चाळिशीच्या आतच साखरेच्या गोळ्या खाणारी, पण अंगानं किडकिडीत माणसं दिसतात. त्यांच्या आजाराचा विचार करताना त्यांच्या आयांच्या वजनाचाही विचार करावा लागेल.

आईच्या उपासमारीचा परिणाम पोटातल्या मुलावर मोठेपणीपर्यंत राहतो, याचा पुरावा युरोपातही आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्यानं नेदरलँड्सची रसद तोडली आणि तिथे काही महिने भीषण उपासमार झाली. त्या काळात पोटात असलेली मुलं पुढे अनेक दशकं तपासली गेली. त्यांच्यात मधुमेहाकडे झुकणारी साखर आणि हृदयविकार जास्त आढळले. तिथे भूक काही महिन्यांची होती. आपल्याकडे कित्येक घरांत सून शेवटी जेवते आणि पातेल्यात उरेल ते खाते. ही भूक कुठल्या दुष्काळाच्या यादीत लागत नाही.

आणि वजन जास्त असेल तर

इथे मोठा धोका साखरेचा आणि रक्तदाबाचा. जास्त चरबी असलेल्या शरीरात इन्सुलिन, म्हणजे साखरेला पेशींत नेऊन सोडणारं संप्रेरक, नीट काम करत नाही. गरोदरपणात वारेतून येणारी संप्रेरकं त्याला आणखी अडवतात. मग आईची साखर वाढते. याला गरोदरपणातला मधुमेह म्हणतात.

आईची साखर वार ओलांडून बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन मात्र जात नाही. त्यामुळे बाळाला स्वतःचं इन्सुलिन जादा तयार करावं लागतं. ते बाळाला फुगवतं. बाळ चार किलोकडे जातं, खांदे रुंद होतात, बाळंतपणात अडकायची भीती वाढते, सिझेरियनची वेळ येते. जन्मल्यावर नाळ कापली की साखरेचा ओघ थांबतो, पण बाळाचं जादा इन्सुलिन काम करतच राहतं. त्यामुळे बाळाची साखर एकदम खाली येऊ शकते. म्हणून अशा बाळाला जन्मल्या जन्मल्या अंगावर घ्यायला सांगतात आणि टाचेतून थेंबभर रक्त घेऊन साखर पाहतात.

जाड आईला रक्तदाबाचा त्रास, पायांत रक्ताच्या गुठळ्या, ऑपरेशननंतर टाके उशिरा भरणं यांचाही धोका जास्त. पोटावर चरबीचा थर असला की सोनोग्राफीत बाळाचे अवयव स्पष्ट दिसत नाहीत. भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही जपून काम करावं लागतं.

यात एक गोष्ट मला खटकते. जाड बाईला दवाखान्यात सुनावलं जातं. "खाण्यावर ताबा नाही का?" असं बोललं की ती पुढच्या वेळी येतच नाही. पहिल्या बाळंतपणात चढलेले किलो उतरले नाहीत, थायरॉइड आहे, पाळीच्या तक्रारी आहेत, घर आणि नोकरी यांत चालायला अर्धा तास मिळत नाही. कारणं नाना असतात. तिला साखरेची तपासणी हवी, ओरडा नको. ही तपासणी सोपी आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायला देतात, दोन तासांनी रक्त घेतात, साखर १४० किंवा त्याहून जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह. उपाशीपोटी जायची गरज नाही. पहिल्या भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा एकदा ती व्हायला हवी. बारीक बाईचीही करायची, कारण आपल्याकडे बारीक अंगातही साखर लपलेली असते.

"आपली माणसं मुळातच बारकी, बाळंही बारकीच होणार"

हे फार ठिकाणी ऐकू येतं, शिकलेल्या लोकांकडूनही. त्याचं उत्तर आपल्याच राज्यातून मिळालं आहे. इंटरग्रोथ-२१ नावाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात आठ शहरांतल्या गरोदर बायका पाहिल्या. इंग्लंडचं ऑक्सफर्ड, इटलीचं तुरिन, केनियाचं नैरोबी, आणि आपलं नागपूरसुद्धा. निवडलेल्या बायका निरोगी, नीट खाणाऱ्यापिणाऱ्या, चांगली देखभाल मिळणाऱ्या होत्या. २०१४ पासून निष्कर्ष येऊ लागले. अशा बायकांच्या पोटात बाळांची वाढ सगळीकडे जवळपास सारखीच होते, आणि आईचं वजन सरासरी १३.७ किलो वाढतं. नागपूरच्या बायका काही वेगळ्या मातीच्या नव्हत्या. त्यांना पोटभर आणि चांगलं मिळत होतं.

उंचीचा भाग एका पिढीत बदलत नाही, हे खरं. १४५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या बाईकडे डॉक्टर जास्त लक्ष देतात, कारण तिची कटी, म्हणजे बाळ बाहेर येण्याची हाडांमधली वाट, अरुंद असू शकते. पण ती उंची का खुंटली, याचं उत्तर बहुतेकदा तिच्या लहानपणच्या ताटात सापडतं.

"जास्त खाऊ नको माय, लेकरू मोठं होईल अन् बाळंतपण जड जाईल"

हा सल्ला देणाऱ्या आजीला अडाणी म्हणून हसू नये. तिच्या काळात दवाखाना दूर होता, सिझेरियन नव्हतं, अडलेली बाई बैलगाडीतच दगावलेली तिनं पाहिली असेल. लहान बाळ सुखरूप बाहेर येईल, हा तिचा हिशेब जीव वाचवण्याचा होता.

आज तो हिशेब चुकतो. चार किलोचं बाळ मुख्यतः वाढलेल्या साखरेमुळे आणि आईच्या आधीपासूनच्या जास्त वजनामुळे होतं, भाकरीच्या चतकोरामुळे नाही. ४२ किलोच्या बाईनं एक भाकरी जास्त खाल्ली तर बाळाचं वजन थोडं वाढू शकेल, आणि २.८ किलोचं बाळही सुखानं जन्मतं. उलट अशक्त आईला कळा सोसवत नाहीत, आणि आधीच रक्त कमी असेल तर बाळंतपणातला थोडा रक्तस्रावही तिला भोवतो.

"आम्ही नवव्या महिन्यापर्यंत खुरपलं, आम्हाला काय झालं?"

कामाला कुणाचा विरोध नाही. चालणं, घरकाम, हलकी शेतीची कामं तब्येत बरी असेल तर चांगलीच. मात्र पुण्याच्या त्याच अभ्यासात हेही दिसलं की जास्त अंगमेहनत करणाऱ्या बायकांची बाळं लहान भरली. खाणं तेवढंच आणि कष्ट दुप्पट असतील तर बाळासाठी शिल्लक राहणार काय?

इथे ऊसतोडीचा विषय टाळता येत नाही. दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, परभणी, धाराशिवकडून टोळ्या निघतात, सांगली-सातारा-कोल्हापूरला किंवा कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलला परततात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फेडायची. गरोदर असली तरी पहाटे उठून फडात, ऊस तोडायचा, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून चढायचं. खाडा झाला तर पैसे कापले जातात. कोपीत परतल्यावर स्वयंपाक पुन्हा तिचाच. "पौष्टिक खा, आराम करा" असं तिला सांगणं फार सोपं आहे. तिचा खाडा भरून निघाल्याशिवाय तिला आराम मिळणार नाही, हे लिहिणाऱ्यानं आणि वाचणाऱ्यानं दोघांनीही मान्य करायला हवं.

तरी तिच्या हातात एक गोष्ट आहे. माता-बाल संरक्षण कार्ड ट्रंकेत गावी ठेवू नका, सोबत न्या. ज्या गावच्या शिवारात टोळी उतरली असेल तिथल्या आशाताईंना किंवा उपकेंद्राला ते दाखवलं तर वजन, रक्तदाब, लोहाच्या गोळ्या तिथे मोफत मिळतात. तुमचं गाव दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून कुणी परत पाठवू शकत नाही. निघण्याआधी गावच्या आशाताईंना सांगा की आपण कुठल्या कारखान्याला चाललो.

वजन जास्त आहे, तर गरोदरपणातच कमी करू का?

नाही. जाड बाईनंही गरोदरपणात वजन घटवायचं नसतं, फक्त वाढ आवरती ठेवायची असते. उपाशी राहिलं की शरीर स्वतःची चरबी जाळतं, त्यातून तयार होणारी आम्लं बाळासाठी चांगली नाहीत. सोमवार, चतुर्थी, नवरात्राचे उपवास या नऊ महिन्यांपुरते सोडले तर देव रागावणार नाही. शिवाय आपल्या उपवासाला साबुदाणा, बटाटा, तळण असतं, म्हणजे साखर चढवायचा सगळा सरंजाम.

कमी करायचं ते दिवसातून पाच वेळचा साखरेचा चहा, बिस्किटं, फरसाण, थंड पेयं, मैद्याचे पदार्थ. ठेवायचं ते भाकरी, डाळ, उसळ, भाजी, दही, अंडं. जेवणानंतर वीस-पंचवीस मिनिटं चालायचं. डॉक्टरांनी मना केलं नसेल तर आठवड्याला १५० मिनिटं चालणं गरोदर बाईला चालतं. पण "उठू नकोस, पाणीही मी आणून देते" हे लाड जाड सुनेच्या बाबतीत नुकसान करतात.

जादा खायचं म्हणजे नेमकं किती?

दोन जिवांचं म्हणून दुप्पट खायचं नसतं. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार गरोदर बाईला रोज सुमारे ३५० कॅलरी जादा लागतात. आपल्या ताटात मोजायचं तर एक मध्यम ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी आणि एक मूठ शेंगदाणे. एवढंच. शेवटच्या तीन महिन्यांत प्रथिनांची गरज दिवसाला सुमारे २२ ग्रॅमनं वाढते, ती नुसत्या भाकरीनं भागत नाही. त्यासाठी घट्ट वरण, मटकी-हरभऱ्याची उसळ, दूध, अंडी, चालत असेल तर मासे-मटण लागतं. पातळ आमटीत डाळ किती असते, हे आपल्याला ठाऊक आहे.

पुण्याच्या अभ्यासात आणखी एक दिलासा देणारी गोष्ट दिसली. ज्या आया पालेभाज्या, फळं, दूध वरचेवर खात होत्या त्यांची बाळं चांगली भरली. मेथी, शेपू, चुका, अंबाडी, शेवग्याचा पाला, पावसाळ्यात बांधावरची तांदुळजा आणि घोळ. यातलं बरंचसं विकत आणावं लागत नाही. लोहाची लाल गोळी रोज एक, लिंबू किंवा आवळ्याबरोबर. चहा किंवा दुधाबरोबर नको, आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर तर मुळीच नको, कारण कॅल्शियम लोहाला अंगी लागू देत नाही. एक सकाळी घेतली तर दुसरी संध्याकाळी. शौचाचा रंग काळा होतो, त्याला घाबरू नका.

अंगणवाडीतून मिळणारा शिधा तिच्या नावावर येतो आणि घरभर वाटला जातो, हेही सगळ्यांना माहीत आहे. घरातल्या पुरुषांनी यात लक्ष घातलं तर फरक पडतो. तिला सगळ्यांबरोबर जेवायला बसवलं तरी पुरे.

दिवस जाण्याआधीची वेळ

आता मूळ मुद्द्यावर येते. गरोदरपण कळतं तेव्हा सहा-आठ आठवडे उलटलेले असतात. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा घडण्याची सुरुवात त्याआधीच झालेली असते. वारेची मांडणीही पहिल्या काही महिन्यांतच होते. पाचव्या महिन्यात सुरू केलेलं दूध चांगलंच, पण पहिले महिने त्यानं परत मिळत नाहीत. आणि ४० किलोची बाई नऊ महिन्यांत दहा किलो वाढली तरी तिच्या बाळाला ४८ किलोनं सुरुवात करणाऱ्या आईच्या बाळाइतकं सहसा मिळत नाही.

म्हणून बाळाचा विचार मनात आला की आधी तीन गोष्टी व्हायला हव्यात. वजन-उंची मोजणं, हिमोग्लोबिन पाहणं, आणि दिवस जाण्याआधी किमान महिनाभर तरी फॉलिक ॲसिडची रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करणं. मेंदू-कण्याचे जन्मदोष यानं बऱ्याच अंशी टळतात. जिचं वजन जास्त आहे तिनं आधीच पाच ते दहा टक्के घटवलं, म्हणजे ७० किलोवरून ६५ वर आली, तरी साखर आणि रक्तदाबाचा धोका कमी होतो. जी हडकुळी आहे तिनं चार-पाच किलो कमवून मगच बाळाचा विचार करावा, आणि तेवढा वेळ तिला द्यायला घरानं तयार असावं. लग्नाला सहा महिने झाले नाहीत तोच "काही गोड बातमी?" असं विचारणाऱ्यांनी जरा थांबावं.

मराठवाड्यात हे सगळं आणखी मागे, मुलीच्या वयापर्यंत जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच फेरीत अठराच्या आत लग्न झालेल्या २० ते २४ वयाच्या बायकांचं प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के होतं, परभणीत ते ४८ टक्क्यांवर आणि बीडमध्ये ४४ टक्क्यांच्या घरात होतं. सोळा-सतराव्या वर्षी मुलीची स्वतःची हाडं अजून भरत असतात. त्या वयात दिवस गेले की तिचं वाढतं शरीर आणि पोटातलं बाळ एकाच भाकरीवर हक्क सांगतात. हंगामाला जाताना तरुण मुलगी मागे एकटी ठेवायची भीती, शाळा दूर, हुंड्याची चिंता, ही लग्न लवकर लावण्यामागची कारणं खरी आहेत. हंगामी वसतिगृहं नीट चालली तर त्या मुलीचं वजन वाढेल, असं म्हटलं तर आरोग्य खात्याला कदाचित नवल वाटेल, पण ते तसंच आहे.

बाळंतपणानंतर

बाळ, वार आणि पाणी गेल्याबरोबर पाच-सहा किलो कमी होतात. बाकीचे हळूहळू उतरतात, आणि अंगावर पाजण्यानं त्याला मदत होते. पाजणाऱ्या आईला गरोदरपणाहूनही जास्त, पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० कॅलरी जादा लागतात. सव्वा महिन्यातले डिंकाचे, मेथीचे, अळिवाचे लाडू हडकुळ्या आईला वरदान आहेत. जाड आईनं रोज एकावर थांबावं आणि भाजी, डाळ, अंडी वाढवावीत. गरोदरपणात साखर निघालेल्या आईनं सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी करायलाच हवी. बाळंत होताच साखर उतरली तरी पुढे मधुमेह होण्याचा धोका तिला इतरांपेक्षा बराच जास्त असतो.

बाळाला नवव्या महिन्यात गोवराच्या लशीला घेऊन जाल, तेव्हा त्याला तोलून झाल्यावर स्वतःही काट्यावर उभं राहा आणि आकडा कार्डावर लिहून मागा. दोन बाळंतपणांत अंतर हवं, पहिलं बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत पुन्हा दिवस जाऊ नयेत. त्यासाठी तांबी, अंतरा इंजेक्शन, छाया गोळी ही साधनं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. लशीच्या त्या भेटीत दीड मीटर उंचीच्या आईचा आकडा ४२ च्या आत भरला तर नर्सबाईंना तिथेच सांगा की हिमोग्लोबिनही तपासायचं आहे.